जुन्या गाडीचं इंजिन ऑइल नेमकं कुठून गळतंय ते शोधायचं कसं आणि बंद करायचं कसं

आमच्याकडे २०१० ची डिझेल गाडी आहे, मीटरवर २ लाख ३६ हजार किलोमीटर झालेत, रोजचं भुसावळ-जळगाव येणं-जाणं, आठवड्यातून एकदा यावलकडे शेतात, आणि अधूनमधून अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगर. अंगणातल्या फरशीवर काळे डाग पडायला लागले तेव्हा शेजारचे काका रोज सकाळी म्हणायचे, "भाऊ, तुन्ही गाडी तेल गाळी ऱ्हायनी." एका गॅरेजात दाखवली, मिस्तरीने खालून टॉर्च मारला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेलाचा थेंब लटकलेला, म्हणे मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येतो तिथे तेल अडवणारं रबर, गेलं. गिअरबॉक्स उतरवला, सील टाकलं, साडेनऊ हजार गेले आणि तीन आठवड्यांत डाग परत तिथल्या तिथेच. मग एका रविवारी मी स्वतः बसलो तर तेल येत होतं वरून, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून, तिथून इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली जोडावर जमा व्हायचं. पॅकिंग ६५० रुपयांचं होतं.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो, थेंब जिथे पडतो तिथे बिघाड नसतो. तेल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणजे ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची, गळती तिथे राहते. आणि ती सापडेपर्यंत एक बोल्टसुद्धा खोलू द्यायचा नाही.

सगळ्यात आधी हे इंजिन ऑइलच आहे का ते बघा. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचे रिकामे खोके पाहिजे तेवढे मिळतात, एक खोका फाडून सपाट करा, रात्री इंजिनखाली सरकवा आणि पेनाने त्यावर पुढची चाकं कुठे येतात त्याची खूण करा. सकाळी डाग कुठे पडला, किती मोठा, कोणत्या रंगाचा, सगळं त्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं मिळतं. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळंकुट्ट, पेट्रोलचं तपकिरी ते काळं. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लाल असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. जाडसर आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं असेल तर गिअर ऑइल, मग इंजिनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पिवळसर पातळ, चाकाजवळ, तर ब्रेक ऑइल, आणि तसं दिसलं तर गाडी हलवूच नका. एसी चालवून आल्यावर जे साधं पाणी टपकतं ते पाणीच राहतं, मे महिन्यात लोकं त्यालाच घाबरून फोन करतात.

खोक्यावरून अजून एक गोष्ट कळते. रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडत असेल तर तेल नुसतं वजनाने खाली येतंय, म्हणजे चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी), ड्रेन बोल्ट, सील असं काहीतरी. पण रात्री पुठ्ठा जवळपास कोरा आणि गाडी चालवून आल्यावर मात्र खालचा भाग सगळा ओला, तर प्रेशरच्या लाइनवर संशय घ्या, ऑइल स्विच (ऑइलचा दिवा लावणारा), फिल्टर, टर्बोला जाणारा पाइप. इंजिन चालू असतानाच तिथे दाब राहतो, बंद केलं की थांबतं.

ऑइल पट्टीची नोंद ठेवा, खरंच ठेवा, मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं. सपाट जागेवर, इंजिन बंद करून ५-१० मिनिटं थांबून, पुसून, परत घालून बघायचं. बऱ्याच गाड्यांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक राहतो, त्यावरून हजार किलोमीटरला किती गेलं याचा अंदाज येतो. पट्टी उतरतेय पण खोका कोरा आणि सायलेन्सरमधून निळसर धूर, तर ती गळती नाही, इंजिन तेल खातंय, तो वेगळा आजार आहे. आणि पट्टी वरच्या खुणेच्याही वर असेल तर आधी जास्तीचं काढा, जास्त भरलेलं तेल क्रँकच्या फिरण्याने घुसळलं जातं, फेस होतो आणि एरवी गळती नसलेल्या ठिकाणाहून सुद्धा बाहेर येतं. नवीन ऑइल भरल्यापासूनच गळती सुरू झाली असं असेल तर पहिला संशय हाच, दुसरा फिल्टरवर.

आता धुणं. हे काम लोकं टाळतात आणि म्हणूनच चुकीचं सील बदलतात. आपल्याकडची काळी माती, कापसाच्या आणि धान्याच्या हंगामातली धूळ, हे सगळं तेलावर बसून असा जाड थर होतो की त्याखाली काय चाललंय ते देवालाच दिसावं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. अल्टरनेटर, हवा ओढायचं तोंड, वायरींचे जोड, फ्यूज बॉक्स, सगळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड. मग डिग्रीझर, नाहीतर डिझेल किंवा रॉकेल, आणि जुना ब्रश, कोपऱ्यात दात घासायचा ब्रश. पेट्रोलने अजिबात धुवू नका, एका ठिणगीत गाडी जाते. नंतर साबणाचं पाणी, साध्या पाइपने हलक्या धारेने, वॉशिंग सेंटरची जोराची बंदूक वायरींवर मारू नका. बनियन वेस्टने (गॅरेजातल्या चिंध्यांनी) पुसा, उन्हात सुकू द्या. पण धुवायच्या आधी मोबाइलवर सगळीकडून फोटो काढा, कारण तो थरही साक्षीदार आहे, जिथे सुकलेला आणि भेगाळलेला ती जुनी गळती, जिथे शेवभाजीच्या तर्रीसारखं ओलं चकाकतंय ती आजची.

सुकल्यावर टाल्कम पावडर. घरातली साधी, अंगाला लावायची. संशयाच्या जागांवर कपड्यातून झटकून पातळ थर बसवा, टॅपेट कव्हरची किनार, पुढच्या पुलीच्या मागचा भाग, ऑइल स्विच, फिल्टरची बैठक, चेंबरची किनार. बेल्टवर आणि हवेच्या तोंडाकडे पावडर जाऊ देऊ नका. इंजिन चालू करून गरम होऊ द्या, मग १०-१५ किलोमीटर फिरवून आणा, आणि परत बघा. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ उमटते, ती रेघ वरच्या दिशेने पकडत जायचं. माझ्या गाडीत मागच्या कोपऱ्यातून निघालेली ती एकच काळी रेघ बघितली आणि साडेनऊ हजारांचा हिशोब लागला. मागची बाजू डोळ्याला दिसत नाही, तिथे मोबाइलचा कॅमेरा फ्लॅश लावून आत घालायचा आणि व्हिडिओ काढायचा.

पावडरने नाही सापडलं तर यूव्ही डाय मिळतो, बाटलीवरच्या मापाने ऑइलमध्ये टाकायचा, गाडी चालवायची आणि रात्री अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं, गळती पिवळी-हिरवी चमकते. हळू हळू पाझरणाऱ्या गळतीला याच्यासारखं दुसरं काही नाही, दोन-तीन दिवस चालवून मग बघितलं तरी चालतं.

खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. विटा, दगड, लाकडाचा ओंडका, काहीही नाही. लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना अडणी लावा, हँडब्रेक ओढा, गाडीला हलवून बघा आणि मगच आत जा. नाहीतर सर्व्हिसिंगवाल्याच्या रॅम्पचे शंभर-दोनशे रुपये द्या.

शोधताना स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करा. ऑइल भरायच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणाभोवती ओलं राहतं, रबर बदला. ऑइल पट्टीचा ओरिंग, तसंच. ड्रेन बोल्टचा वायसर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा राहतो, तो दाबून बसतो, दर वेळी नवा टाकायचा असतो पण कोणी टाकत नाही आणि मग गळतं म्हणून बोल्ट अजून आवळतात, त्यात चेंबरचे आटे जातात. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसवलं की दोन रबरं एकावर एक येतात, थोडे दिवस टिकतं मग एकदम धो धो. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, हाताने फिरवायचं, टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, पान्याने आवळायचं नाही.

ऑइल प्रेशर स्विच हा फार दुर्लक्षित भाग. त्याच्या वायरीचं कनेक्टर काढून बघा, आत तेल भरलं असेल तर स्विच आतून फुटला आहे, बदलून टाका. त्याच्या आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळू नका, एकच वायर असलेला स्विच त्याच्या बॉडीतूनच अर्थिंग घेतो, टेपने ते तुटलं तर ऑइलचा दिवा काम करणार नाही, आणि तो दिवा तर आपला शेवटचा राखणदार.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो ब्रीदर. इंजिनच्या आत थोडा गॅस पिस्टनच्या रिंगवरून खाली उतरतोच, नव्या इंजिनातही, आणि तो बाहेर काढायला ब्रीदरची वाट राहते, ती परत हवेच्या तोंडात जोडलेली असते. २ लाख चाललेल्या गाडीत ती वाट काजळी आणि गाळाने भरते. मग आतला दाब जाणार कुठे, जे सील सगळ्यात कमजोर तिथून तेल घेऊन बाहेर पडतो. अशा गाडीत तुम्ही सील बदललं तर पुढच्या महिन्यात दुसरं गळतं, ते बदललं की तिसरं, आणि माणूस म्हणतो इंजिनच म्हातारं झालं, विकून टाका. विकायच्या आधी ५ मिनिटं द्या ना भो.

तपासायचं असं. इंजिन गरम, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण खोला आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल किंवा आतून धूर फकफक बाहेर येत असेल तर दाब जास्त आहे. पेट्रोल गाडीत भोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरली तर ती किंचित आत ओढली जायला हवी, फुगत असेल तर वाट तुंबली आहे. दाब दिसला की ब्रीदरचा पाइप काढा, त्यातून फुंकून बघा, कार्ब क्लीनर किंवा डिझेलने धुवा, भेगा पडल्या असतील तर बदला. पेट्रोल गाडीत ब्रीदरच्या वाटेवर पीसीव्ही व्हॉल्व्ह राहतो, तो काढून हलवला तर बहुतेक गाड्यांत आतून खडखड वाजतो, वाजत नसेल तर अडकलाय, नवीन घ्या, साफ करत बसण्यापेक्षा बरं. बऱ्याच नव्या इंजिनांत हे सगळं टॅपेट कव्हरच्या आतच राहतं आणि तेव्हा कव्हरच बदलावं लागतं. ब्रीदर साफ करूनही झाकण उडत असेल तर रिंगा घासल्यात, कॉम्प्रेशन तपासून घ्या, त्याच्या आधी एकही सील विकत घेऊ नका.

माझ्या गाडीत दोन्ही होतं, पॅकिंग दगडासारखं कडक आणि ब्रीदरच्या पाइपात डांबरासारखा गाळ. दोन्ही एकाच दिवशी केलं म्हणून टिकलं असं माझं ठाम मत आहे.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी होण्यासारखं काम आहे, घाई करायची नाही एवढंच. इंजिन थंड. वर जे काही आडवं येतं, पाइप, वायरी, पेट्रोल गाडीत कॉइल, ते काढताना प्रत्येकाचा फोटो. डिझेलमध्ये इंजेक्टर आणि त्याचे पाइप आडवे येत असतील तर ते काम जाणकार मिस्तरीकडेच द्या, तिथे दाब फार मोठा राहतो आणि एक कण कचरा गेला तरी इंजेक्टर जातो. बोल्ट थोडे थोडे करून सगळे सैल करा, लांब-आखूड असतील तर पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. कव्हर चिकटलं असेल तर लाकडाच्या ठोकळ्याने हलकं ठोका, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून जन्मभर गळणार.

जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. हेड उघडं असताना आत काही पडू देऊ नका, भोकांवर स्वच्छ कापड ठेवा. दोन्ही बाजू ब्रेक क्लीनर आणि कपड्याने पुसून अगदी कोरड्या करा, बोट फिरवलं तर तेलकट लागता कामा नये. कव्हर प्लास्टिकचं असेल तर काचेवर किंवा सपाट फरशीवर पालथं ठेवून बघा, डुगडुगत असेल तर वाकलंय, मग नवीन पॅकिंगही टिकत नाही.

रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं. सगळ्या किनारीला सिलिकॉन फासायची जी सवय आहे ती वाईट आहे, कारण जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला गाठी होऊन सुटतं, चेंबरमध्ये जातं, ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं, आणि तेलाचा पुरवठा तुटला की इंजिन जाम. सिलिकॉन फक्त तिथेच, जिथे दोन भागांचा सांधा येतो, म्हणजे टायमिंग कव्हरचा जोड आणि कॅमच्या अर्धगोल टोपीचे कोपरे, तिथे वाटाण्याएवढा थेंब. माझ्या गाडीत तो कोपराच कोरडा सोडलेला होता. सिलिकॉन लावल्यावर कव्हर लगेच बसवा, ते आपल्या उन्हाळ्यात पटकन कातडी धरतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. छोट्या सहा एमएमच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने किंवा ओळखीने आणा, कारण इथे जास्त आवळणं हे कमी आवळण्याइतकंच वाईट, पॅकिंग पिळून बाहेर येतं आणि कव्हर वाकतं. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी चालू करा. पेट्रोल गाडीत प्लगच्या विहिरीत तेल साचत असेल तर त्या नळ्यांची सीलं याच वेळी बदला, नाहीतर मिसिंग येत राहणार.

पुढचं क्रँक सील पुलीच्या मागे राहतं, ते गळलं तर पुलीच्या फिरण्याने तेल गोल फेकलं जातं, बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा चाकाच्या आतल्या प्लास्टिकवर पट्टा दिसतो. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर हे थांबवून ठेवायचं काम नाही, तेलाने बेल्टचं रबर फुगतं, दात सुटतात, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. सीलवर आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, ते जुन्या सीलवरून वाचून घ्या. जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला स्पेअरवाल्याकडे जाताना मी जुना भागच सोबत नेतो, तोंडी सांगून आणलेला भाग एकदाही बरोबर निघालेला नाही. शाफ्टवर नख फिरवून बघा, जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा, पण तेलाची वाट झाकली जात नाही ना ते बघून. ओठाला बसवण्याआधी तेल लावायचं, आणि सरळ ठोकायचं, तिरपं बसलं की गेलं.

चेंबर. शेतरस्त्यावर दगड लागून वाकलेला चेंबर आपल्याकडे रोजचा. किनारीला गळत असेल तर नुसते बोल्ट आवळून बघायला हरकत नाही, पण एका क्रमाने आणि हलक्या हाताने. त्याने थांबलं नाही तर चेंबर उतरवून, पत्र्याची किनार ठोकून सरळ करून, नवीन पॅकिंग किंवा सिलिकॉन. उतरवलाच आहे तर ऑइल पंपाची जाळी धुवून घ्या. डिझेल गाडीत हेडच्या टोकाला लावलेला व्हॅक्यूम पंप आणि टर्बोची तेल परत यायची नळी या दोन जागा पण बघा, दोन्हींचे ओरिंग-पॅकिंग स्वस्त आहेत. टर्बोच्या हवेच्या पाइपात मात्र पातळ तेलाची ओल जुन्या गाडीत राहतेच, तिला गळती समजू नका.

मागच्या क्रँक सीलचा निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा. बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच असलेल्या खोळीची) खालची छोटी झाकणी काढून आत तेल आहे का बघा, आणि त्याच वेळी इंजिनची पाठ वरपासून कोरडी आहे ना ते बघा. वर कोरडं आणि आत ओलं तरच ते सील, आणि त्यातही वास घ्या, गिअर ऑइलचा वास असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील आहे. मजुरीच मोठी असल्यामुळे महिन्याला दोन-चार थेंबांसाठी गिअरबॉक्स उतरवू नका, क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा सोबत करा. पण क्लच सटकायला लागला किंवा सुटताना गाडी थरथरायला लागली तर तेल प्लेटवर पोचलंय, मग थांबू नका.

बाटलीतल्या स्टॉप-लीकबद्दल खूप जण विचारतात. रबर कडक होऊन हळू पाझरत असेल तर ते रबर थोडं फुगवतं आणि पाझर कमी होतो, हे खरं आहे. फाटलेल्या सीलला, वाकलेल्या चेंबरला, सुटलेल्या पॅकिंगला त्याचा काही उपयोग नाही. हाय मायलेज म्हणून जी ऑइलं मिळतात त्यात सीलला मऊ ठेवणारे घटक असतात, जुन्या गाडीला मी ती वापरायला सांगतो. ग्रेड एक पायरी जाड करायचं असेल तर मॅन्युअलमध्ये आपल्या हवामानाला जे ग्रेड दिलेत त्यातलंच निवडा. बीएस-६ डिझेल गाडी, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरची, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) राहतो, तिच्यात कंपनीने सांगितलेलंच कमी राखेचं ऑइल टाका, दुसरं टाकून डीपीएफ तुंबला तर गळतीपेक्षा महाग पडेल.

काही वेळा शोधत बसायचं नाही, गाडी थांबवायची. ऑइलचा लाल दिवा लागला की त्या क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद, गाव दोन किलोमीटरवर असलं तरी. एक्झॉस्टवर तेल पडून जळका वास आणि बोनेटमधून धूर, थांबा, तिथे आग लागते. थेंबांच्या जागी धार, थांबा.

काढलेलं तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका भो. जळकं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्याकडे विहिरी-बोअरवर अख्खी गावं जगतात. डब्यात भरून गॅरेजला द्या, जुनं ऑइल घेणारे त्यांच्याकडे येतात.

काम झाल्यावर परत धुवा, परत पावडर, आणि १०० किलोमीटरनंतर एकदा, ५०० नंतर एकदा बघा. डिसेंबरच्या थंड सकाळी मुद्दाम बघा, गारठ्यात कडक रबर आखडतं आणि उन्हाळ्यात गप्प असलेली जागा तेव्हा बोलते. माझ्या गाडीखाली मी अजून दर रविवारी रात्री केळीचा खोका टाकतो. परवाच्या खोक्यावर मसूराएवढा एक डाग होता, डाव्या बाजूला, चेंबरच्या कोपऱ्याखाली. पट्टी जागेवर आहे, बाकी सगळं कोरडं, पुढच्या ऑइल बदलीला चेंबर उतरवायचं ठरवलंय, पॅकिंग आणून ठेवलंय.